गुळाची चरबी होते तरी कशी?

मित्रांनो, आज आधी एक कोडं. एक किलो गुळाच्या भेलीत तेल-तूप किती असेल? जवळजवळ काहीच नाही! उसातली साखर, थोडं पाणी, थोडे क्षार, संपलं. मग घरातल्या एखाद्या आत्याबाई "तूप सोडलं, तेलही नावाला घालते, तरी वजन काही हलत नाही बाई" असं म्हणत चहात गुळाचे दोन खडे जास्तच टाकतात, तेव्हा त्यांच्या अंगावरची चरबी येते तरी कुठून?

हा प्रश्न आपल्या कोल्हापूरकरांना पडायलाच हवा. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तुमच्यापैकी बरेच जण गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवी चाखून आले असाल. तिथे काय चालतं ते आठवा. खाली चुलवाणात जाळ, वर काहिलीत रस, आणि तो आटत आटत घट्ट होतो. गुळव्या मळी काढतो, पाणी उडवतो, पण रसातली साखर शेवटपर्यंत साखरच राहते. आपल्या पोटातलं गुऱ्हाळ मात्र याहून इरसाल आहे. त्यात साखर घातली की चरबी निघते!

हे गुऱ्हाळ म्हणजे यकृत. उजव्या बरगड्यांच्या आड, मोठ्या माणसात साधारण दीड किलोचं. इथे जाळ नाही, चुलवाण नाही. सगळी कामं करतात एन्झाइम, म्हणजे तुमच्या पुस्तकातली विकरं. एन्झाइम हे बहुतेक प्रथिनांचेच बनलेले कामगार असतात, आणि एकेकाला बहुधा एकच काम येतं. एक तोडतो, एक जोडतो, एक नुसता पहारा देतो.

आता गंमत बघा. चरबी असो की तेल, त्यातला मुख्य माल म्हणजे मेदाम्लं, कार्बनच्या अणूंच्या लांबलचक माळा. या माळांतले मणी मोजले तर खोबरेल तेलात बहुतेक 12 आणि 14, तुपात बरीचशी 16 आणि 18, शेंगदाणा तेलात मुख्यतः 18. सगळ्या सम संख्या! 15 किंवा 17 मण्यांची माळ सापडते, पण अगदी क्वचित. असं का बरं?

याचा धागा 1904 मध्ये फ्रान्झ क्नोप या जर्मन शास्त्रज्ञाला सापडला. त्याने मेदाम्लाच्या शेपटाला बेंझिनचं एक कडं बांधलं. शरीराला ते कडं मोडता येत नाही, म्हणजे मेंढराला खूण म्हणून रंग लावावा तसंच की! अशी खूण केलेली मेदाम्लं त्याने कुत्र्यांना खाऊ घातली आणि त्यांचं मूत्र तपासलं. माळ सम मण्यांची असेल तर शेवटी कड्याला दोन मणी चिकटलेले मिळायचे, विषम असेल तर एकच. सम माळेतून एक मणी उरलाय असं कधी झालं नाही. म्हणजे शरीर माळ एकेक मणी तोडत नाही, दोन-दोन मणी तोडतं! ना सूक्ष्मदर्शक, ना कुठलं महागडं यंत्र. मला विचाराल तर रसायनशास्त्रातला इतका सुटसुटीत प्रयोग विरळाच.

तोडणं जसं दोन-दोनचं, तसं बांधणंही. जेवण झालं की रक्तात ग्लुकोज वाढतं. यकृत आधी त्याचा ग्लायकोजेन करून ठेवतं, पण हे कोठार लहान, साधारण 100 ग्रॅमचं. ते भरलं की उरलेलं ग्लुकोज दुसऱ्या वाटेला लागतं. ग्लुकोजमध्ये कार्बन सहा. त्याचे तीन-तीनचे दोन तुकडे होतात. प्रत्येकातला एक कार्बन वायू होऊन उडतो (तो तुम्ही आत्ता श्वासातून सोडताय!) आणि दोन कार्बनचा तुकडा उरतो. त्याचं नाव ॲसिटिल, व्हिनेगरमधल्या आम्लाचा सख्खा भाऊ. हाच आपल्या माळेचा दोन मण्यांचा जोड.

पण हा तुकडा तयार होतो पेशीतल्या तंतुकणिकेच्या आत, आणि माळ ओवायची असते बाहेर. त्याला थेट बाहेर पडता येत नाही. मग तो वेष पालटतो. दुसऱ्या एका रेणूला चिकटून सायट्रेट बनतो, म्हणजे लिंबाला आंबट करणारा तोच पदार्थ. या वेषात बाहेर आला की एक एन्झाइम त्याला पुन्हा सोडवतं.

बाहेर दाराशीच एक मुकादम बसलाय. नाव लांबलचक आहे, ॲसिटिल कोए कार्बोक्सिलेज. तो दोन कार्बनच्या तुकड्याला तिसरा कार्बन चिकटवतो. लगेच पुढच्या पायरीवर तो कार्बन पुन्हा सुटून जातो. मग चिकटवायचा कशाला, असं म्हणाल. गोफणीत दगड घालून ती आधी फिरवावी लागते ना, तसंच हे. तिसरा कार्बन सुटताना मिळणाऱ्या जोरावर उरलेले दोन मणी माळेला घट्ट जोडले जातात.

जोडणारा कारागीर म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेस. एका एन्झाइमला बहुधा एकच काम, असं मघाशी म्हटलं ना? हा पठ्ठ्या अपवाद आहे. एकाच अंगात सात कसबं! त्याला एक लवचिक हात असतो, आणि हा हात वाढती माळ धरून एका कसबाकडून दुसऱ्याकडे फिरवतो. सुरुवातीला दोन मणी, मग सात फेऱ्या, दर फेरीला दोन. करा बेरीज: 2 अधिक 14, झाले 16. सोळा भरले की माळ सुटते. हे पामिटिक आम्ल. अशा तीन माळा ग्लिसरॉलच्या एका रेणूवर टांगल्या की झाली चरबी.

आता एक शंका यायला हवी. एकीकडे बांधणारे, दुसरीकडे तोडणारे. दोघे एकाच वेळी कामाला लागले तर? दिवसभर भिंत बांधायची आणि तीच पाडायची! ही भानगड कशी टळते ते 1977 मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी दाखवलं. मुकादम जो तीन कार्बनचा तुकडा तयार करतो, तोच तोडणीच्या कारखान्याच्या दाराला कुलूप घालतो. बांधकाम चालू, तर तोडणी बंद. रात्री किंवा उपासाला रक्तातलं इन्सुलिन उतरतं, मुकादम डुलक्या घेतो, कुलूप निघतं, आणि माळा दोन-दोनने तुटू लागतात. त्या तुकड्यांतून यकृत मेंदूसाठीसुद्धा इंधन बनवून पाठवतं. (हे खऱ्या उपासाचं बरं का! साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि वर शेंगदाण्याचा लाडू, अशा 'दुप्पट खाशी' एकादशीला कुलूप कसलं निघतंय!)

आता गुळाचं स्वतःचं गुपित. गूळ काय आणि साखर काय, दोन्हींतल्या साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोजच्या वाटेवर एक पहारेकरी एन्झाइम असतं. पेशीत ऊर्जा भरपूर असली की ते वाट अडवतं. फ्रुक्टोज या पहारेकऱ्याला चुकवून आडवाटेने पलीकडे उतरतं. ते जास्त आलं की यकृतात मालाचा ढीग लागतो. गुळात थोडे खनिज क्षार असतात हे खरं, पण "गुळाने काही होत नाही" हे आपलं लाडकं वाक्य यकृताला मान्य नाही.

सडपातळ, निरोगी माणसाचं यकृत अशी चरबी थोडीच बनवतं, आणि बनलेली रक्तात पाठवून देतं. पाठवण्यापेक्षा येणं वाढलं की ती तिथेच साठते, हेच फॅटी लिव्हर. दारूचा थेंब न घेणाऱ्यांनाही, अगदी मुलांनाही ते होतं. 2005 मध्ये अमेरिकेत अशा रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा माग काढला, तेव्हा साधारण पाव हिस्सा यकृतानेच बनवलेला निघाला. बराच मोठा वाटा अंगावरच्या चरबीतून रक्तावाटे आलेला होता.

"आमचा बंड्या तर काडीपैलवान, त्याला कसली चरबी!" असं म्हणणाऱ्या आई-बाबांनी पुढचं जरूर वाचावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. युडकिन यांचा एक जोडफोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन तंतोतंत सारखं, बीएमआय दोघांचाही 22.3. पण अंगातली चरबी? युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! त्याआधी याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी भरले, पण त्या मानाने कातडीखालची चरबी फारशी कमी नव्हती. वजनकाट्याला हा फरक दिसतच नाही. स्नायू हे साखर आणि चरबी जाळणारं मोठं चुलवाण, तेच लहान असेल तर उरलेला माल यकृताच्या दारात येणारच. तालीम सुटली पण खुराक सुटला नाही, अशा पैलवानांची पोटं तुम्ही गल्लीत पाहिली असतीलच.

एवढं असूनही आपल्या कारागिरांना एक गोष्ट येत नाही. माळेच्या नवव्या कार्बनपुढे दुहेरी बंध घालायचं एन्झाइम माणसाकडे नाही. 1929 मध्ये अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना साखर भरपूर दिली, पण स्निग्ध पदार्थ अजिबात दिले नाहीत. उंदरांची वाढ खुंटली, शेपट्या खवल्या-खवल्यांच्या झाल्या. लिनोलिक आम्लाचे थोडे थेंब दिल्यावर ते सुधारले. हे आम्ल करडईच्या तेलात भरपूर असतं, आणि त्याचं भावंड लिनोलेनिक आम्ल जवसाच्या चटणीत. वनस्पतीही माळा दोन-दोननेच ओवतात, त्यामुळे या दोन्हींतले कार्बन मोजलेत तर भरतील 18.