सॉफ्टवेअर आले, शिकवणारे कुठे आहेत?



छोट्या दुकानांनी संगणकावर यावे, असा आग्रह सरकारपासून बँकेपर्यंत सगळे धरतात. आग्रह रास्त आहे. पण त्या संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला तयार करण्याची जबाबदारी कुणीच घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

आमच्या निसरपुरात हे फार जाणवते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरले, जुने गाव बुडाले आणि दुकाने पुनर्वसन वसाहतीत नव्याने मांडावी लागली. धंद्याची जागा बदलली की १५ दिवसांत नोंदणीत तसे कळवावे लागते. हे काम जाणणारा दुकानात कुणी नसेल, तर कुक्षीला सल्लागाराकडे धाव घेण्यावाचून गत्यंतर नाही.

पूर्वी मुनीमजींच्या हाताखाली पोरगा आधी रोजमेळ उतरवायचा, मग खतावणी शिकायचा. जमा-नावे कळल्याशिवाय त्याच्या हाती वही येत नसे. आज सॉफ्टवेअर विकणारा येतो, कुठले बटण दाबायचे ते दाखवतो आणि जातो. पोरगा बिल काढतो, पण त्या बिलाचे पुढे काय होते हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. आपण मासिक विवरणात एक बिल घालायचे विसरलो, तर इंदूरच्या खरेदीदाराची करवजावट अडते, आणि पुढच्या वेळी तो माल दुसरीकडून घेतो. ई-वे बिलाचेही तसेच. गाडीच्या क्रमांकात एखादा आकडा चुकला, तर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे हजार रुपयांवर सुटका होते. बिलच नसेल, तर करपात्र मालावर कराच्या दुप्पट दंड. हा फरक नाक्यावर गाडी अडल्यावर कळून काय उपयोग?

त्यात एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सर्वांना ओटीपी सक्तीचा झाला. शेठजी लग्नाला गेले आणि फोन लागेना, की माल भरलेली गाडी दारातच उभी. कामगाराला त्याच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर सब-युजर करून देण्याची सोय त्याच पोर्टलवर आहे. ती दाखवून देणारे मात्र कुणी नाही.

‘शिकवले की पोरगा सोडून जातो’ असे व्यापारी म्हणतात. जातो, हे खरे आहे. पण ज्या दुकानात एकालाच सारे येते, तिथे तो गेल्यावर हिशेबच थांबतो. म्हणून किमान दोघांना शिकवले पाहिजे, आणि तेही दुकानाच्या खऱ्या बिलांवर. सॉफ्टवेअर घेतानाच शिकवणीचे तास करारात लिहून घ्यावेत. किमतीत घासाघीस करणारे आपण लोक, याबद्दल अवाक्षर काढत नाही!

सरकारलाही एक सांगणे आहे. शिकाऊ उमेदवार घेतला तर २०१६ च्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र देते, पण त्यासाठी आस्थापनेत किमान ४ माणसे लागतात. आमच्या बाजारातल्या दोन-तीन माणसांच्या दुकानांनी काय करायचे? अनेक मालकांनी मिळून उमेदवाराला शिकवण्याची मुभा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आहेच. शेजारची तीन दुकाने मिळून एक आस्थापना धरावी आणि त्यांना एक उमेदवार द्यावा.

— एक व्यापारी, निसरपूर (जि. धार)