इचलकरंजीची 'मीरा'

बंगळुरूची 'रेवा' तुम्हाला आठवत असेल. विजेवर चालणारी ही चिमुकली गाडी २००१ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या आकाराला हसणारेही होते. मला मात्र ती पाहताच 'मीरा' आठवली. मीरा तिच्याहून अर्धशतकाने थोरली आणि आपल्या इचलकरंजीची!

शंकरराव कुलकर्णी हे तिचे जनक. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी मोटार आपणच बनवायची, हा त्यांचा ध्यास. १९४९ मध्ये पहिला नमुना तयार झाला, दोघांपुरता. इंजिन मागे, चारही चाके स्वतंत्रपणे वरखाली होणारी आणि धक्के सोसायला स्प्रिंगऐवजी चक्क रबर! आपल्याकडचे खड्डे सोसलेल्या माणसालाच हे सुचावे. एका नमुन्यावर ते थांबले नाहीत. सुधारणा करीत नवनवी मीरा घडवत राहिले, थेट सत्तरच्या दशकापर्यंत. तेव्हा तिची किंमत धरली होती सुमारे १२,००० रुपये.

मग घोडे अडले कुठे? गाडी बनवणे एक आणि कारखाना काढणे दुसरे. त्या काळी मोटारीच्या कारखान्याला सरकारी परवाना लागे, वर करांचा बोजा. एकट्या माणसाने किती टाचा झिजवायच्या? पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तीही छोटीच, पण पाठीशी सरकार आणि जपानची सुझुकी.

गिऱ्हाइकाच्या दारात मीरा कधी उभी राहिलीच नाही. शंकररावांनी घडवलेले मोजके नमुने, एवढाच तिचा गोतावळा.