यादी सगळ्यांची, रंग पक्षाचे

मतदारांच्या माहितीचा प्रश्न निघाला की आपले विद्वान थेट केंब्रिज ॲनालिटिकावर जातात. २०१८ साली गाजलेल्या त्या प्रकरणात भारतातल्या अवघ्या ३३५ जणांनी माहिती गोळा करणारे फेसबुकवरचे ॲप घेतले होते, आणि त्यांच्या मित्रयाद्यांमधून साडेपाच लाखांवर लोकांची माहिती गेली असावी, अशी कबुली फेसबुकनेच दिली. प्रकरण गंभीर खरेच. पण पाथरीचा मतदार ओळखायला लंडनची कंपनी लागत नाही, मतदारयादी पुरते.

यादीत नाव, वय, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, घर क्रमांक असतो. आडनावावरून जातीधर्माचा अंदाज बांधता येतो. आडनाववार, गाववार चाळणी लावून देणारी सॉफ्टवेअर आता नगरपरिषदेच्या उमेदवारालाही परवडतात. त्यात मोबाइल नंबर भरला, आपला, परका आणि कुंपणावरचा असे तीन रंग दिले, की प्रचाराची निम्मी मांडणी झाली. २०२४च्या विधानसभेला पाथरीत राजेश विटेकर, सुरेश वरपूडकर, बाबाजानी दुर्राणी, सईद खान असे चार तगडे उमेदवार होते. यांतल्या कुणी काय केले, हा माझा मुद्दा नाही. मते चौघांत फुटतात तेव्हा एकेका वस्तीचा भाव वाढतो, एवढेच सांगायचे आहे.

'यात नवे ते काय? कोण कुणाचा, हे गावपुढाऱ्याला पूर्वीपासून ठाऊक.' हा युक्तिवाद अर्धाच खरा. पुढाऱ्याला काय ठाऊक आहे, ते गावालाही ठाऊक असते. त्याच्याशी भांडता येते, त्याला बेधडक खोटेही सांगता येते. कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये आपल्या नावापुढे कोणता रंग पडला, ते मात्र कळतही नाही. शिवाय पारावरचे आश्वासन विरोधकही ऐकतात आणि तिथेच खोडतात. एका समाजाच्या फोनवर गेलेली क्लिप दुसऱ्याला दिसतच नाही, मग खोडणार कोण? फेसबुकच्या जाहिरात-संग्रहात निदान पैसे कुणी भरले ते वाचता येते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तेवढेही नाही.

दुसरे म्हणणे, लाभार्थ्याशी सरकार बोलले तर बिघडले कुठे? मार्च २०२४मध्ये आचारसंहिता लागल्यावरही 'विकसित भारत संपर्क'चे व्हॉट्सॲप संदेश लोकांना येत राहिले. ते थांबवा, असे निवडणूक आयोगाला २१ मार्चला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला सांगावे लागले. 'लाडकी बहीण' योजनेचा अर्ज भरताना बाईने आधार, बँक खाते, मोबाइल नंबर दिला तो शासनाला. तो प्रचारात वापरला गेला, असे मी म्हणत नाही. वापरला गेला तर तिला कळायची सोय काय, ते सांगा.

मग यादीच झाकावी? मुळीच नाही. १ नोव्हेंबर २०२५ला मुंबईत विरोधकांनी मोर्चा काढला तो याद्यांतल्या घोळावरून. झाकलेल्या यादीतली दुबार नावे शोधणार कशी? आयोग आजही खासगीपणाचे कारण सांगून यादी चित्ररूपात देतो. पैसेवाला ती टाइप करून घेतो, बिनपैशाचा कार्यकर्ता पाने चाळत बसतो. यात खासगीपण कुणाचे राखले गेले?

उघडी यादी सर्वांना शोधता येईल अशा रूपात द्यावी. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, कायद्याने प्रसिद्ध करावी लागणारी माहिती वगळतो, ते ठीकच. पण नंबर, जात, रंग जोडून पक्षाने केलेली नोंद ही काही प्रसिद्ध यादी नव्हे. मतदाराने मागितली तर ती त्याला दाखवावी लागेल, असे नियमांत स्वच्छ लिहा.

त्याहून मोठी गोष्ट मतमोजणीची. आयोगाने मतदान केंद्रामागे १२०० मतदारांची मर्यादा घातली आहे, आणि निकाल केंद्रनिहाय जाहीर होतो. म्हणजे रंग बरोबर होते का, हे पक्षाला वस्तीवार ताडून पाहता येते, आणि पुढची पाच वर्षे रस्ता, नळ, घरकुल त्या हिशेबाने ठरवता येते. मतपत्रिकांच्या काळी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याचा आदेश आयोगाला देता येत असे. यंत्रे आली आणि तो आडपडदा गेला. चौदा यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे टोटलायझर आयोगाने २००८मध्येच सुचवले, २०१५मध्ये विधी आयोगानेही पाठिंबा दिला. केंद्र सरकारने विरोध केला.

मिसळले तर गैरप्रकार सापडणार कसे, असे विचारले जाते. केंद्रावर किती मते पडली याची नमुना १७-सीमधली नोंद टोटलायझरने पुसली जात नाही. कळेनासे होते ते एवढेच, की आपल्याला कुठल्या वस्तीने पाडले.