वरून येणारा गिला वडा

वऱ्हाडाला ड्रोन नवा नाही. कपाशीवर, तुरीवर औषध फवारताना तो लोकांनी पाहिला आहे, आणि घोळ तिथेच आहे. ज्याच्या टाकीत कीटकनाशक, त्याच्याच जातभाईने उद्या जेवण आणलं तर? "धुतलं तरी काय बावा?" हा अमरावतीतला पहिला प्रश्न असणार.

उडण्याबद्दल शंका नाही. झोमॅटोने २०१९ मध्ये पाच किलोमीटरची चाचणी दहा मिनिटांत उरकली. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावी लशीच्या ३०० मात्रा ड्रोननेच गेल्या. पण लशीला चव नसते. गिला वडा दह्याचटणीसकट हिंदकळत यायचा, तोही अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हातून! गच्चीवर उतरलाच, तर आपल्याआधी वानरं हजर. शिवाय आपले पत्ते म्हणजे 'मारुतीच्या देवळामागं, निळं फाटक'. डिलिव्हरीच्या पोराला हे फोनवर सांगता येतं, उशीर झाला तर रागावताही येतं आणि पाणीही विचारता येतं.

मला विचाराल तर शहरातल्या वड्याला एवढी घाई नाही. मेळघाटात पावसाळ्यात नाले भरून रस्ता तुटतो, तिथे मात्र औषध, डाळ-तांदूळ घेऊन आलेल्या ड्रोनला कुणी नाक मुरडेल असं वाटत नाही.