गावाचे नाव आणि सत्तेची लिपी

मुंबईत लोकलचा प्रवासी परळला उतरतो, तेव्हा हिंदी पाटी त्याला 'परेल' सांगते. शीवचे 'सायन' होते, वांद्र्याचे 'बांद्रा'. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच. मग नाव बदलले कसे? उत्तर सरळ आहे. ते थेट आलेच नाही. इंग्रजी स्पेलिंगच्या आडवाटेने आले.

परभाषेत जाताना नाव थोडेफार बदलते, यात वावगे काही नाही. मराठी माणूसही वडोदऱ्याला बडोदे आणि ग्वालियरला ग्वाल्हेर म्हणतो. ज्याची जीभ जशी वळते तसे तो नाव घेतो. प्रश्न उद्भवतो तो परक्याचा उच्चार सरकारी दप्तरात शिरून गावकऱ्याचाच उच्चार अशुद्ध ठरू लागतो तेव्हा. मडगावातील 'ड' पोर्तुगीजांनी 'र'ने लिहिला. ते स्पेलिंग वाचून परप्रांतीय आजही 'मारगाव' म्हणतो. राज्यकर्ते गेले, त्यांचे स्पेलिंग राहिले.

1871 साली डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी भारतीय विशेषनामे रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत सिद्ध केली. आधीच्या अनागोंदीच्या मानाने ती सुधारणाच होती. परंतु तीत 'ण' आणि 'न' यांना एकच अक्षर मिळाले, 'ळ' आणि 'ल' यांनाही एकच. स्वतंत्र भारताच्या सरकारी नकाशांनीही तीच पद्धत चालविली. ज्याने मूळ गाव पाहिले नाही, तो कारकून रोमन अक्षरांतून गेलेला 'ळ' परत कोठून आणणार? आता हे काम संगणकाकडे आले आहे. चूक तीच; वेग तेवढा वाढला.

हा भाषाशुद्धीचा सोवळेपणा नव्हे. सातबाऱ्यावर गावाचे एक नाव आणि शिधापत्रिकेवर दुसरे असले, की अर्ज अडतो. तालुक्याचे हेलपाटे मात्र स्पेलिंग करणाऱ्याला पडत नाहीत. ते पडतात शेतमजुराला, ज्याचा त्या स्पेलिंगशी कधी संबंधच आला नाही.

1995 साली 'बॉम्बे' अधिकृतपणे मुंबई झाले, हे उचितच झाले. परंतु महानगराच्या नावासाठी आंदोलने होतात. पाड्या-वस्त्यांच्या नावांची दाद कोण घेणार? प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावाची, वाड्यांची व पाड्यांची नावे लोकांच्या तोंडून ऐकून प्रथम लोकभाषेत नोंदवावीत. रोमन रूप त्यावरून ठरावे, उलट नव्हे. ही मागणी लहान दिसते. पण ज्या राज्यात जनतेला आपल्या गावाचे नावही सांगता येत नाही, तेथे तिचे बाकीचे म्हणणे कोण ऐकणार? कार्यकर्त्यांनी या कामाचा आरंभ आपल्याच गावापासून करावा.