सिलिंडर सहा की आठ?

अमेरिकन मोटारींच्या चाहत्यांत एक श्रद्धा फार जुनी आहे. खरी वेगवान मोटार तीच, जिच्या पोटात आठ सिलिंडरांचे एंजिन धडधडते! १९६६ साली फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डच्या मोटारींनी पहिले तिन्ही क्रमांक पटकाविले. त्यांतही सात लिटरांचे असेच एंजिन होते. म्हणूनच जानेवारी २०१५ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात फोर्डने नवी 'जीटी' मांडली व तिच्यात साडेतीन लिटरांचे, अवघ्या सहा सिलिंडरांचे एंजिन असल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांचा विरस झाला. याच घराण्याचे एंजिन फोर्डच्या पिक-अप ट्रकमध्येही असते. राजकन्येला असा नवरा का, असा त्यांचा सवाल!

हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. डॉज व्हायपरच्या दहा सिलिंडरांचे कुळही ट्रकचेच होते; तेथे कोणी कुळ विचारले नाही. मुख्य गोष्ट अशी की सहा सिलिंडरांचे एंजिन आखूड व आटोपशीर असते. ते चालकाच्या पाठीमागे बसविल्यावर मोटारीचा मागील भाग माशाच्या शेपटीसारखा निमुळता करता आला आणि दोन्ही अंगांनी वाऱ्यास वाट मिळाली. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरणारे दोन टर्बोचार्जर सिलिंडरांत हवा कोंबतात. त्यामुळे या एंजिनाची शक्ती ६४७ अश्वशक्ती झाली. २००५ च्या जीटीतील आठ सिलिंडरांची ५५० होती. शिवाय २०१६ साली, जुन्या विजयानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, हीच मोटार ल माँ येथे आपल्या वर्गात पहिली आली. याहून अधिक पुरावा कोणता हवा?

आवाजाच्या बाबतीत मात्र चाहत्यांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. टर्बोच्या पात्यांतून वाट काढताना एंजिनाचा कंठ दबतो. ज्यांना कंठच प्रिय, त्यांनी २०२३ ची शेव्हरोले कॉर्व्हेट झेड-०६ पाहावी. तिच्यात साडेपाच लिटर, आठ सिलिंडर आणि ६७० अश्वशक्ती आहे, आणि टर्बो एकही नाही! नेहमीच्या अमेरिकन आठ-सिलिंडरी एंजिनात क्रँकशाफ्टचे बाहू एकमेकांशी काटकोन करतात. येथे ते एकाच पातळीत आहेत. त्यामुळे जड प्रतिभार लागत नाहीत, दांडा हलका होतो आणि मिनिटास ८६०० फेरे गाठता येतात. स्फोट दोन्ही रांगांत आळीपाळीने होत असल्यामुळे जाड गुरगुराटाच्या जागी चढती तान ऐकू येते. कंपने वाढतात, हे खरे. पण तेवढे सोसावे.

याच एंजिनाच्या भावंडास दोन टर्बो जोडून २०२५ ची झेडआर-१ सिद्ध झाली. तिची शक्ती आहे १०६४ अश्वशक्ती! फोर्डच्या टर्बोवर रागावलेल्यांनी न्यायाने हिच्यावरही रागवावयास हवे. आम्ही रागावत नाही. पण निवड करावयाची झाल्यास या हजारी सरदारापेक्षा आम्ही तिची बिनटर्बोची बहीणच पसंत करू.