प्रोग ऐकायचंय? मग सोपा पेपर आधी सोडवा!

प्रत्येक हॉस्टेलात प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकणाऱ्यांची एक वेगळीच जमात असते. कुणी नवखा "काय ऐकताय रे?" म्हणून डोकावला, की ही मंडळी थेट मेशुगाचा 'ऑबझेन' (२००८) त्याच्या कानात कोंबतात. बिचारा दोन मिनिटांत इअरफोन काढतो, "हे आपलं काम नाही" म्हणतो आणि सटकतो. मग मागून हशा, आणि ठरलेलं वाक्य: "त्याला नाही झेपणार!"

माझं स्पष्ट मत आहे, इथे ऐकणारा नापास होत नाही, पेपर काढणारा होतो. एम-वन न शिकवता कुणी एम-थ्रीचा पेपर हातात दिला तर आपण डिपार्टमेंटसमोर धरणं धरू. मग संगीतातच हा अन्याय का?

आणि हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न नाही. फर्स्ट इयरला कितीतरी मुलं मराठी मीडियममधून येतात. लेक्चरमधल्या इंग्रजीचा धसका असतोच, त्यात "ही गाणी तुमच्यासाठी नाहीत" असंही कुणी ठरवून टाकलं, की आणखी एक दार बंद. मी कॉन्व्हेंटमधून आलोय, म्हणून अधिकाराने सांगतो: मेटलमध्ये ते जे गुरगुरत गातात, त्यातले शब्द मलाही कळत नाहीत! तिथे कॉन्व्हेंट आणि झेडपीची शाळा एकाच बाकावर. तिथला आवाज हे एक वाद्यच समजायचं.

उलट या संगीतात खरी गंमत मात्रांची आहे, आणि त्या बाबतीत आपले कान कच्चे नाहीत. भजनी मंडळात, नाट्यसंगीतात, घरातल्या तबल्याच्या क्लासात आपण सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल ऐकत आलोय. टूल या अमेरिकन बँडचं 'स्किझम' घ्या. त्याची मुख्य चाल १२ मात्रांची, पण ५ आणि ७ अशी तोडलेली. याच बँडचा ड्रमर डॅनी कॅरी रीतसर तबला शिकलाय. म्हणजे हे सगळं काही परग्रहावरून आलेलं नाही.

तर मंडळी, हा माझा सिलॅबस. क्रम महत्त्वाचा!

पहिलं युनिट: ओपेथचा 'डॅम्नेशन' (२००३). ओपेथ हा स्वीडनचा बँड, एरवी चांगलाच जड. पण या अल्बममध्ये गुरगुरणं शून्य. शांत गिटार, उदास सूर, पाऊण तासाच्या आत खेळ खल्लास. पावसाळ्यात रात्री अकरानंतर ऐका.

दुसरं युनिट: पॉर्क्युपाइन ट्रीचा 'इन अ‍ॅब्सेन्शिया' (२००२) आणि मग 'फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट' (२००७). दुसऱ्याचा विषय म्हणजे स्क्रीनसमोर बसून, गोळ्या खाऊन, कशातच रस न उरलेली पोरं. तेव्हा रील्स नव्हत्या, तरी आपल्याच मजल्यावरचं वर्णन वाटतं. त्यातलं 'अ‍ॅनेस्थेटाइझ' जवळजवळ १८ मिनिटांचं आहे. हा बँड २००९ च्या डिसेंबरमध्ये आयआयटी बॉम्बेच्या मूड इंडिगोत वाजवून गेलाय, म्हणजे कॉलेज फेस्टशी नातं जुनं आहे.

तिसरं युनिट: ड्रीम थिएटरचा 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' (१९९९). गोष्ट ऐकाल तर हसाल. एक माणूस संमोहनाखाली जातो आणि त्याला गेल्या जन्मातला खून आठवतो. अहो, हा तर आपला 'कर्ज'! पुनर्जन्म कळायला आपल्याला वेगळं ट्युशन लागत नाही. फक्त 'डान्स ऑफ इटर्निटी' आलं की घाबरू नका. सहा मिनिटांच्या या गाण्यात मात्रांचं माप इतक्या वेळा बदलतं की बोटावर मोजायला गेलात तर बोटं संपतील.

चौथं युनिट: टूलचा 'लॅटरॅलस' (२००१). शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या ओळींत शब्दावयव १, १, २, ३, ५, ८ असे वाढतात आणि पुन्हा ५, ३ असे उतरतात. फिबोनाची! पण लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना हीच मालिका आपल्याकडे हेमचंद्रांनी बाराव्या शतकात, फिबोनाचीच्या आधीच मांडली होती.

पाचवं युनिट: ओपेथचा 'ब्लॅकवॉटर पार्क' (२००१). आता गुरगुरणं येऊ द्या. एव्हाना कान तयार झालेत. आणि सगळ्यात शेवटी, हवा असेल तरच, मेशुगा. त्यांची गिटार एका मापात फिरते आणि झांजा चारच्या मापात. समजा गिटारचं माप ७ चं असेल तर दोघांची गाठ २८ व्या मात्रेनंतर. शाळेतला ल.सा.वि. आठवतोय ना? तोच. 'समेवर येणं' म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला मेशुगा कळायला हरकत नाही.

दोन अटी मात्र पाळायच्या. एक, शफल बंद. हे अल्बम कादंबरीसारखे आहेत, कादंबरी कुणी मधलं पान उघडून सुरू करत नाही. दोन, एका ऐकण्यात निकाल लावायचा नाही. तीनदा ऐका, मग खुशाल नावं ठेवा.

काही जण म्हणतील, "हा नुसता बोटांचा शो-ऑफ आहे." काही बँडबाबत हे शंभर टक्के खरं आहे. नुसती तानबाजी आपल्याकडच्या मैफलीतही कंटाळवाणीच होते. म्हणून तर वर असे अल्बम निवडलेत ज्यांत कसरतीच्या आधी गाणं आहे.

आणि सगळं ऐकूनही नाही आवडलं तर? काही बिघडत नाही. अजय-अतुल लावा, आशाताई लावा, मजेत राहा. प्रोग ऐकल्याने कुणी हुशार ठरत नाही आणि न ऐकल्याने मठ्ठ ठरत नाही. नावड ऐकून ठरावी, कुणाच्या हशाला घाबरून नाही, एवढंच.

तेव्हा सीनियर मंडळींनो, पुढच्या वेळी कुणी दारात येऊन "काय ऐकताय?" विचारलं, तर त्याला बसायला जागा द्या, एक इअरफोन द्या आणि 'डॅम्नेशन' लावा. बाकी वॉर्डन सरांना विनंती: तुम्हीही ऐकून बघा. आवाज कमी करायला सांगाल ते मान्य, पण निदान काय बंद करताय ते तरी कळेल!